खळ्यावरचं शून्य

जीप खळ्याच्या कडेला थांबली आणि नागेंद्र हातात पाना घेऊन उतरला. हा माणूस दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर येतो. खळ्याच्या कोपऱ्यातलं पाऊस मोजायचं यंत्र उघडतो, आतली पानं-कोळिष्टकं काढतो, सौरपट्टी पुसतो, चहा पितो आणि जातो. डिसेंबरात कधी येत नाही. शिवाय या वेळी जीपच्या मागच्या बाजूला दोरखंड दिसत होतं.

"काय हो, म्हस न्यायला आलाय व्हय?" मी विचारलं.

"नाही अक्का. यंत्र न्यायला आलोय." त्यानं मान खाली घालून सांगितलं. नागेंद्र बेळगावचा, घरात कानडी बोलणारा, आणि मनानं मऊ. वाईट बातमी सांगताना तो पायातल्या चपलेशी बोलतो. "ऑर्डर आलंय. हितनं काढून उंबरमाळला बसवायचं म्हणून. तिथलं जुनं झालंय."

उंबरमाळ म्हणजे डोंगराच्या पलीकडचं गाव. आमचं वाघुर्डी डोंगराच्या अलीकडे, घाटाच्या अगदी काठावर. आमच्या परसात उभं राहून जोरात शिंकलं तर गोव्यात ऐकू जाईल. पोस्ट पूर्वी आमच्याकडे होतं, ते उंबरमाळला गेलं. शाळा बंद झाली, पोरं उंबरमाळला जाऊ लागली. एसटी फाट्यावरून उंबरमाळकडे वळते, आमच्याकडे नुसता धूर सोडते. राहिलं होतं ते हे एक यंत्र. जुलैमध्ये बेळगावच्या पेपरात पावसाचे आकडे छापून येतात, त्यात वाघुर्डी वरून पहिलं नाही तर दुसरं. माणसांच्या कर्तबगारीवर आमचं नाव अजून छापून आलेलं नाही, ढगांच्या आलंय.

पण नावापुरतंच असतं तर मी एवढी पेटले नसते. गावात शिरायला ओढ्यावर एकच साकव आहे. यंत्र नव्हतं त्या साली आषाढात मामंजींच्या छातीत कळ आली. आम्ही त्यांना बाजेवर घालून ओढ्यापर्यंत नेलं, तोवर साकव पाण्याखाली गेलेला. पलीकडे गाडी उभी, अलीकडे आम्ही. गाडीचे दिवे दिसत होते. मामंजी तिथेच गेले. पुढच्या साली यंत्राला जागा मागायला माणसं आली. आजूबाजूला झाडं नकोत, छप्पर नको, अशी जागा गावभर हुडकली, आणि ती मिळाली फक्त आमच्या खळ्यावर. माझ्या सासूनं, मालुबाईनं, आत्ती म्हणते मी त्यांना, एका शब्दानं दिली. आता वर पाऊस वाढला की यंत्र आपोआप बेळगावला कळवतं आणि तिकडून फोन येतो, की साकव जायच्या आत आजारी माणसं हलवा. शेजारची रचना पोटुशी होती, तिला तसंच हलवलं. तिचा मुलगा आता आमच्या मांजराची शेपटी ओढतो.

म्हणून मी यंत्राच्या तारेच्या कुंपणाचं दार लावलं आणि त्याला पाठ टेकून खाली बसले.

"न्यायचं तर मला धरून न्या. दोर आणलाय न्हवं?"

"अय्यो अक्का, असं नका करू."

जीपमधून एक मुलगी उतरली. जीन्स, खांद्यावर पिशवी, डोळ्यांवर मोठा चष्मा. ऋतिका. बेळगावात कॉलेजला शिकते, घाटातल्या पावसाचा अभ्यास करते, असं तिनं सांगितलं. कुठल्या गावात हिवाळ्याचा पाऊस किती पडतो आणि शेजारच्या गावात तो वेगळा का, एवढाच तिचा विषय. मला ते ऐकून बरं वाटलं. शेजारच्या गावात वेगळं का, हा माझाही जुना विषय आहे.

"काकू, तुमच्या यंत्राचं कोडं आहे," ती माझ्या शेजारी मातीतच बसली. "पावसाळ्यात तुमचे आकडे सगळ्यांच्या वर. आणि हिवाळ्यात शून्य. दरवर्षी. मागच्या आठवड्यात जांबोटीला पडला, खानापूरला पडला, उंबरमाळला तर चांगलाच. तुमच्याकडे शून्य."

"म्हणून साहेब म्हणतात यंत्र इथं नीट चालत नाही," नागेंद्र म्हणाला. "हिवाळ्याला खोटं बोलतंय म्हणजे पावसाळ्याला खरं कशावरून? असं विचारतात. मी काय सांगू?"

"मला नाही वाटत ते खोटं बोलतंय," ऋतिका म्हणाली आणि एकदम खुलली. "बघा, पावसाळ्यात वारा येतो समुद्राकडून. पश्चिमेकडून. ढग आधी तुमच्यावर आपटतात, रिकामे होतात, आणि डोंगरापलीकडे उंबरमाळला उरलंसुरलं जातं. हिवाळ्यात उलटं. बंगालच्या बाजूला वादळ झालं की वारा पूर्वेकडून. आता उंबरमाळ पुढं आणि तुम्ही डोंगराच्या आड. पाऊस तिकडेच संपतो. म्हणजे शून्य खरंही असू शकतं!"

"असू शकतं काय, हायच!" मी म्हणाले. हाताशी वकील आला होता, तो सोडते कशाला? "लिवून घ्या नागेंद्र. आमी डोंगराच्या आड हाय. शिकल्याली पोर सांगत्या."

नागेंद्रनं काही लिहिलं नाही. तो शांतपणे खळ्याच्या मधोमध गेला. तिथे आमच्या भाताच्या उडव्या रचून ठेवलेल्या. कापणी होऊन पेंढ्या खळ्यावर आल्या होत्या, पण मळणी व्हायची होती; आमचे हे बेळगावला कारखान्यात, ते रविवारी आले की मळणी. त्यानं उडवीवरचा प्लास्टिकचा कागद उचलला आणि कडेच्या पेंढीत हात घातला.

"अक्का," तो म्हणाला, "हे भिजलंय की."

भिजलंच होतं. मागच्या आठवड्यात मी आणि आत्तींनी पदर खोचून कागद ओढले होते, तरी कडा भिजल्या. ऋतिकाच्या चेहऱ्यावरून तिची पूर्वेची हवा हळूहळू निघून गेली.

"दव असंल," मी म्हणाले. आवाज मलाच पटला नाही.

नागेंद्रला माझी दया आली असावी. तो म्हणाला, बघूया तरी. मी दार सोडलं. त्यानं यंत्राचं बाजूचं झाकण काढलं. वर पत्र्याचं नरसाळं, त्याच्या खाली लहान मुलांच्या झोपाळ्यासारखी दोन चमच्यांची पट्टी. एक चमचा भरला की पट्टी कलंडते, टिक वाजतं, दुसरा चमचा पुढे येतो. त्यानं बाटलीतलं पाणी नरसाळ्यात बारीक धारेनं सोडलं. टिक. टिक. टिक. त्याच्या फोनवर आकडा चढला.

"एकदम बरोबर आहे!" तो चक्रावला. "मग पाऊस जातो कुठं?"

तिघंही त्या नरसाळ्यात वाकून बघत होतो. मला तर ते घरातल्या एखाद्या मुक्या पोरासारखं वाटायला लागलं, की बाबा, तू तरी सांग. तेवढ्यात उजेड मंदावला. डोंगराच्या माथ्यावर, उंबरमाळच्या बाजूनं, ढग चढला होता. आणि घराच्या मागच्या दारातून आत्ती आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात लोखंडी घमेलं. आमच्याकडे बघितलंही नाही. कुंपणाच्या आत शिरल्या, नागेंद्रला काठीनं बाजूला सारलं, घमेलं यंत्राच्या नरसाळ्यावर पालथं घातलं, वर दगड ठेवला आणि हात झटकले.



घमेलं मी बघितलं नव्हतं असं नाही. दर हिवाळ्यात असायचं. मला वाटायचं मळणीचा भुसा आत जाऊ नये म्हणून. खळ्यावर दहा गोष्टींवर दहा गोष्टी पालथ्या असतात, कुणी प्रत्येकीला कारण विचारत बसतं का?

"अज्जी," नागेंद्र अगदी हळू म्हणाला, "हे काय केलं?"

"झाकलं. पाऊस याला लागलाय, दिसत न्हाय व्हय तुला?"

"पाऊस येतो म्हणून तर हे यंत्र आहे ना अज्जी! पाऊस आला की झाकलं तर ते मोजणार काय, तुमचं घमेलं?"

"मोजू नये म्हणूनच झाकलं." आत्ती उडवीला टेकून उभ्या राहिल्या. "भात खळ्यावर हाय. रास उठली न्हाय. रास मापून पैली पायली पडंपतोर खळ्यावर दुसरं कशाचंच माप घ्यायचं न्हाय. दुधाचं न्हाय, कापडाचं न्हाय. पोराची उंचीसुदीक मोजत न्हाईत. माझ्या सासूनं सांगितल्यालं. दुसरं माप आधी पडलं तर राशीत माप उतरत न्हाय."

"अज्जी, ते धान्याचं. हा पाऊस आहे."

"मग त्यो तर आणखी वंगाळ. अवकाळी. भाताच्या मानंवर बसायला आल्याला. त्याला माझ्या खळ्यावर माप देऊ? ये बाबा, बस, म्हणून? आषाढात मोज म्हणावं हवं तेवढं, कवा आडवी आले का मी? यंत्र मीच बशिवलंय हितं."

ऋतिकानं चष्मा काढून पुसला. तिची सगळी पूर्वेची वादळं एका घमेल्याखाली सापडली होती. पण ती हसायला लागली, आणि खरं सांगते, तिथंच ती मला आवडली.

नागेंद्र हसला नाही. तो परत चपलेशी बोलायला लागला. यंत्र चांगलं आहे हे तो लिहील. पण मग झाकलं जातं हेही लिहावं लागेल. माणसं हात लावतात म्हटल्यावर साहेब इथं ते ठेवणारच नाहीत. एक दिवसही नाही. झाकणार नाही असं अज्जींनी सांगितलं, आणि या हिवाळ्यात पडेल त्या पावसाचा आकडा इथून आला, तर मात्र तो साहेबांशी भांडेल.

"सांगा की आत्ती," मी म्हणाले. "झाकणार न्हाय म्हणून सांगा."

"का सांगू?"

"न्हेतील त्ये!"

"न्हेऊ दे. हात तर लावू दे. काठी कशाला हाय?"

"आत्ती, काठीनं त्ये एक दिवस थांबंल. आषाढात काय करायचं? परत बाज घेऊन वड्याला जायाचं?"

बोलायला नको होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग ओढ्याच्या बाजूला.

"त्यास्नी जाऊन इतकी सालं झाली, मला आठवण करून द्याया बोरगावची पोरगी लागती व्हय? यंत्र हितंच ऱ्हाईल. आन खळ्याची रीत बी हितंच ऱ्हाईल. मी दोनीबी सोडणार न्हाय. कुणाच्या बाला भिऊन न्हाय."

एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला सासू, आणि दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर. माहेरी बोरगावला आमचा ऊस. ऊस तुटतो, ट्रॉलीत चढतो, कारखान्यात जातो. त्याला ना रास ना रीत. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी इथे काही चुकलं की मी बोरगावची असते. त्या क्षणी मला वाटलं, असू दे. बोरगावची तर बोरगावची.

डोंगरावरून गार वारा सुटला होता. मी उडवीवरचा कागद फेकून दिला, आत हात घालून कोरड्या पेंढ्या ओढून काढल्या, झोडपायचा दगड खळ्याच्या मधे लोटला, आणि पेंढी उचलून आपटायला लागले.

"ए, ए! राजी! काय करतीस?" आत्ती ओरडल्या.

"रास उठवत्ये."

"आज? त्यो न्हाय घरात! मळणीचं मशीन यायचं हाय. वार बघितला न्हाय, पूजा न्हाय..."

"पैली पायली पडली की झालं न्हवं? मग पायलीपुरतंच झोडपत्ये. बाकीचं रईवारी." मी परत आपटली. भात इकडे तिकडे उडालं, निम्मं खळ्याच्या बाहेर. "आत्ती, माप राशीचं आधी, पावसाचं मागनं. तुमची रीत मोडत न्हाय मी. तिला जरा पळायला लावत्ये."

"असं कुठं असतंय?"

"नसतंय तर आजपासनं!"

आत्ती काठीवर रेलून बघत राहिल्या. मी हट्टानं झोडपत होते, आणि वाईट झोडपत होते. पेंढीचं तोंड सुटलं, गवत माझ्या केसांत गेलं. ऋतिकानं पिशवी खाली ठेवून एक पेंढी उचलली, ती माझ्याहून वाईट. तिनं दगडाऐवजी स्वतःच्या गुडघ्यावर मारली आणि "आई गं" म्हणाली. नागेंद्र लांबून म्हणाला, "अक्का, आमच्या आजोळी असं नाही करत, खालून धरतात," आणि मग नुसतं सांगणं बरं दिसेना म्हणून आला.

एवढं बघवलं नसावं. आत्तींनी काठी टाकली.

"बाजूला व्हा. दाणा मातीत घालतायसा नुसतं. राजी, पेंढी आवळ. अशी. मनगट सोडायचं न्हाय." त्यांनी माझ्या हातातून पेंढी घेतली. सत्तरीची बाई, कंबर वाकलेली, पण पेंढी डोक्याच्या वर गेली आणि दगडावर आली तेव्हा भात कसं, झारीतून पडावं तसं एका जागी पडलं. "तू, चष्मेवाली, आतलं सूप आण जा. आन देव्हाऱ्यातली हळद. आन पायली, कोनाड्यात हाय. पळ!"

ऋतिका पळाली. ढग आता डोंगरावरून आमच्या बाजूला उतरत होता. माथ्यावरचा कातळाचा सडा झाकला गेला, मग त्याखालची जांभळीची रांग. आत्ती झोडपत होत्या, मी पेंढ्या देत होते, नागेंद्र दाणे हातानं गोळा करत होता. तो हे बेळगावच्या साहेबाला कसं सांगणार होता कोण जाणे. सूप आलं. वाऱ्याला वेगळं बोलवावं लागलं नाही. पूर्वेच्या त्याच वाऱ्यावर आत्तींनी भात धरलं, भुसा उडाला, दाणा खाली. मी खळ्याच्या मधे सुपाएवढी जागा सारवल्यासारखी हातानं साफ केली. त्यावर जेमतेम पायली भरेल एवढी रास झाली. एवढीशी रास मी जन्मात बघितली नव्हती. चिमणीनंसुद्धा कीव करावी.

आत्तींनी हळद वाहिली. डोक्यावर पदर घेतला. माप पडताना खळ्यावर बोलायचं नसतं, म्हणून आम्ही सगळेच गप्प झालो; नागेंद्रनं तर खिशातला फोनही बंद केला. त्यांनी पायली राशीत खुपसली, वर हात फिरवून सपाट केली आणि सुपात ओतली.

"लाभ," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.

मग त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत. माझा हात पुढे आला तो त्यांनी झिडकारला. कुंपणाच्या आत गेल्या, दगड काढून बाजूला ठेवला, घमेलं उचललं. पहिला थेंब नरसाळ्यावर पडला की त्यांच्या कपाळावर, मला सांगता येणार नाही.

मग पळापळ. उडव्यांवर कागद, कागदावर दगड, सूप घरात. नागेंद्र जीपकडे धावला, मला वाटलं दोरखंड आणतोय; त्यानं जीपची ताडपत्री आणली आणि उघडी राहिलेली उडवी झाकली. मग आम्ही तिघं ओसरीवर उभं राहून नुसतं बघत राहिलो. यंत्र पावसात भिजत होतं. आत्ती त्याच्या शेजारी, डोक्यावर खताचं पोतं घेऊन.

"आत या की आत्ती!"

"मोजतंय का बघत्ये."

"असं दिसत न्हाय बाहेरनं!"

"ऐकू येतंय." त्यांनी कान नरसाळ्याला लावला होता.

पाऊस फार टिकला नाही. आला तसाच दमून निघून गेला. नागेंद्रनं फोन चालू केला, थोडा वेळ बोटं फिरवली आणि ऋतिकाला दाखवला. ती इतक्या जोरात ओरडली की मांजर माळ्यावर गेलं.

"काकू! आकडा आलाय! आणि बघा, उंबरमाळला कितीतरी जास्त. तुमच्याकडे त्याच्या निम्माही नाही. मी म्हटलं होतं ना? डोंगर अडवतो! हिवाळ्यात तुम्हाला खरंच कमी पडतो. शून्य नाही, पण कमी."

"म्हंजे शून्य नसंल तर यंत्र ऱ्हाणार?" मी नागेंद्रला विचारलं. मला बाकीचं नंतर चाललं असतं.

"एका पावसानं होत नाही अक्का. पुढचाही दिसला पाहिजे, त्याच्या पुढचाही." त्यानं पाना पिशवीत टाकला. "पण आज मी काढत नाही. साहेबांना सांगतो, झाकलेलं होतं, आता नाही. शिव्या देतील. देऊ देत. सवय आहे."

आत्ती ओसरीवर आल्या. पोतं झटकलं, पाणी आमच्या सगळ्यांवर उडालं. ऋतिकानं आनंदानं त्यांनाही सांगितलं, की आज्जी, उंबरमाळला जास्त पडला, तुमच्याकडे कमी.

आत्ती थबकल्या.

"कमी? आमच्यात?" त्यांनी नागेंद्रकडे असं बघितलं, जणू त्यानं पाऊस चोरून जीपमध्ये घातलाय. "पोस्ट त्येंचं. शाळा त्येंची. आता पाऊस बी त्येंचाच जास्ती? काय मोजलंय तुझ्या यंत्रानं?"

"खरंच तेवढाच पडला अज्जी. अवकाळी कमी पडलेला चांगला ना?"

हे त्यांना पटलं असणार, पण कबूल करतील त्या मालुबाई कसल्या. त्या चुलीपाशी गेल्या, पाय शेकायला बसल्या, आणि तिथून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत राहिल्या, की पुढच्या साली कापणी झाली की त्याच दिवशी पायलीभर आधी झोडपायचं, वार-बीर काही बघायचं नाही, त्यो बेळगावात असला तर असू दे. आणि यंत्राला काय मोजायचं ते मोजू दे, थेंब अन् थेंब, पण बरोबर मोजायचं, उंबरमाळच्या सांगण्यावरून नाही.

मी चहाचं आधण ठेवलं. दूध मापायला आता रीत आडवी येत नव्हती, तरी किती ते न बघताच ओतलं.